किंमत फोनवर सांगतो

निवडणूक जाहीर झाली की जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून एक दरसूची निघते. उमेदवाराचा खर्च मोजायचा म्हणून चहा, नाश्ता, खुर्ची, मांडव, स्पीकर, गाडीभाडे अशा असंख्य गोष्टींचे दर तीत ठरवून दिलेले असतात. त्यातच फ्लेक्सचा चौरस फुटाचा दरही असतो. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांच्या मर्यादेत राहायचे असल्याने या दरावरून पक्षांचे प्रतिनिधी हुज्जतही घालतात. छापलेल्या फ्लेक्सचा भाव असा चारचौघांत ठरतो, सरकारी कागदावर चढतो. हा फ्लेक्स ज्या यंत्रावर छापला जातो त्याची किंमत मात्र विचारून पाहा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात यंत्राची रुंदी असते, वेग असतो, हेड किती ते असते, वीज किती लागते तेही असते. किमतीच्या जागी फोन नंबर असतो. फोन लावला की आधी उलटे प्रश्न येतात. गाव कुठले? सध्या कोणते मशीन आहे? महिन्याला काम किती निघते? दुसरीकडून कोटेशन घेतले आहे का?

या चौकशीत सौजन्य थोडे आणि हिशेब जास्त असतो. पहिलेच यंत्र घेणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या तरुणाला एक आकडा सांगायचा, चार यंत्रे चालवणाऱ्या पुण्याच्या मालकाला दुसरा, आणि हातात प्रतिस्पर्ध्याचे कोटेशन घेऊन बसलेल्याला तिसरा. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात, बाजारात 'पार्टी बघून भाव' म्हणतात. मोटारीची किंमत वर्तमानपत्रात छापून येते. छपाई यंत्राची येत नाही, कारण यंत्र म्हणून जे विकले जाते त्यात लोखंड, हेड, शाई, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि कर्जाची सोय अशा अनेक वस्तू एका आकड्यात गुंडाळलेल्या असतात. कुठल्या विक्रेत्याने कोणत्या वस्तूवर नफा ठेवला आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

रुंद छपाईचा धंदा सुरू झाला तेव्हा ही गुंतागुंत नव्हती. 1990च्या दशकापूर्वी मोठा कागद म्हणजे वास्तुविशारदाचा नकाशा, आणि तो पेन प्लॉटरवर निघायचा. खरोखरची पेने कागदावर फिरवून यंत्र रेषा काढायचे. 1991मध्ये एचपीने शाईचे थेंब उडवणारा पहिला डिझाइनजेट आणला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सॅन दिएगोची एन्कॅड ही लहानशी कंपनी 'नोव्हाजेट' नावाने रुंद रंगीत यंत्रे विकू लागली. एन्कॅडने ही बाजारपेठ जवळजवळ हाताने उभी केली. नकाशाच्या धंद्यातून तिने हे तंत्र पोस्टरच्या धंद्यात नेले, यंत्राबरोबर आपलीच शाई आणि आपलाच कागद विकला. मग एचपीने रंगीत रुंद यंत्रांत जोर लावला. जगभर पसरलेले विक्रेते, स्वतःच्या कारखान्यातले हेड आणि किंमत खाली आणण्याची ऐपत हे सगळे एचपीकडे होते. 1990च्या दशकाच्या अखेरीस एन्कॅड तोट्यात गेली आणि 2002मध्ये कोडॅकने ती विकत घेतली. पुढे कोडॅकवरच दिवाळखोरीची वेळ आली.

एन्कॅडच्या गोष्टीतून या बाजाराचा एक नियम दिसतो: ज्याच्याकडे हेड, त्याच्याकडे बाजी.

हेड म्हणजे शाईचे थेंब फेकणारा भाग. तळहातावर मावेल एवढा. त्याच्या खालच्या पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी शेकडो किंवा हजारो छिद्रे असतात, त्यांना नोझल म्हणतात. फ्लेक्सच्या धंद्यात वर्षानुवर्षे चाललेल्या कोनिका मिनोल्टाच्या 512 या हेडला नावाप्रमाणे 512 नोझल. एप्सनच्या डीएक्स5 हेडला 180 नोझलच्या आठ रांगा, म्हणजे 1440. त्याच कंपनीच्या आय3200ला 3200. प्रत्येक नोझलमागे विजेच्या झटक्याने आकुंचन पावणारा पिझो स्फटिकाचा भाग असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा थेंब ढकलतो. थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या हिश्श्यांत मोजतात. अशी वस्तू लाखोंच्या संख्येने, एकसारख्या दर्जाची बनवणे जगात मोजक्या कंपन्यांना जमते. एप्सन, कोनिका मिनोल्टा, रिको, क्योसेरा आणि सैको या जपानी. डायमॅटिक्स मूळची अमेरिकी, पण 2006पासून फूजीफिल्मच्या मालकीची. झार ही इंग्लंडमधल्या केंब्रिजची. यादी फार लांबत नाही.

उरलेले यंत्र बनवणे तुलनेने सोपे. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा, हेडची गाडी सरकवणारी रुळासारखी पट्टी, सर्व्हो मोटर, फ्लेक्स वाळवणारे हिटर आणि पंखे, हेडला हुकूम देणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड. शांघाय, शेनझेन, ग्वांगझू, झेंगझौ या चिनी शहरांत हे सगळे भाग शेजारपाजारच्या कारखान्यांतून मिळू लागले. चौकट आपली, कार्ड बीजिंगच्या एखाद्या कंपनीचे, हेड जपानचे अशी जुळणी करून तिथल्या कंपन्यांनी 3.2 मीटर रुंदीची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दहा फुटी सॉल्व्हंट (द्रावकातल्या शाईची) यंत्रे बाजारात ओतली. शांघायची गोंगझेंग आणि शेनझेनची फ्लोरा ही त्यातली भारतात रुळलेली नावे. महाराष्ट्रात फ्लेक्सवाले अशा यंत्राला सरसकट 'कोनिका मशीन' म्हणतात. कोनिका मिनोल्टाने त्यातला फक्त हेड बनवलेला असतो, बाकी चिनी असते. तरी गिऱ्हाइकाच्या लेखी यंत्र त्या कंपनीचे. यंत्रात महत्त्वाचे काय आहे हे गिऱ्हाइकाला बरोबर कळते.

हेडसाठी चिनी कारखान्यांनी काय काय केले, याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. एप्सनचे डीएक्स5 हेड मिमाकी, म्युतो अशा जपानी यंत्रांत अधिकृतपणे बसत होते. चिनी कारखान्यांना ते सरळ मिळत नव्हते. मग इकडून तिकडून हेड मिळवायचे, आणि दुसऱ्या कुणाच्या यंत्रात चालू नयेत म्हणून कंपनीने घातलेले इलेक्ट्रॉनिक कुलूप फोडायचे, असा एक जोडधंदाच उभा राहिला. बाजारात आजही 'अनलॉक', 'फर्स्ट लॉक', 'सेकंड लॉक' अशा प्रतवारीने डीएक्स5 विकला जातो आणि कुलपानुसार त्याची किंमत बदलते. एक्सपी600 नावाचा हेड तर एप्सनच्या घरगुती फोटो प्रिंटरचा. घरात सुटीचे फोटो छापण्यासाठी बनवलेला तो हेड आज सहा फुटी इको सॉल्व्हंट यंत्रांत बसून दुकानांच्या पाट्या छापतो. तो काही हजारांत मिळतो, म्हणून यंत्र पाच लाखांच्या आत बसते. आयुष्य कमी असते, पण गेला की दुसरा बसवायचा. पुढे एप्सननेच शहाणपण दाखवले आणि आय3200सारखे हेड इतर यंत्रनिर्मात्यांना उघडपणे विकायला काढले. चोरवाटेने जाणारा माल हमरस्त्यावर आणला की निदान त्याचा पैसा तरी आपल्याकडे येतो.

आता दुसरी वस्तू, शाई. इथे बाजाराची दोन घराणी पडतात.

एका घराण्यात एचपी, रोलँड, मिमाकी अशा कंपन्या. यांच्या यंत्राला यांचीच शाई लागते. काडतुसावर चिप असते, ती यंत्राला ओळख पटवते आणि उरलेल्या शाईचा हिशेब ठेवते. यंत्र विकताना थोडी सूट द्यायला हरकत नसते, कारण पुढची पाच-सात वर्षे दर महिन्याला शाईचे बिल येत राहणार असते. आवळा देऊन कोहळा काढायचा हा प्रकार. एचपीने 2008मध्ये आणलेल्या लेटेक्स यंत्रांत तर याची वेगळीच रचना आहे. त्यातले हेड पिझो नसून उष्णतेने थेंब उडवणारे आहेत, तुलनेने स्वस्त, आणि ते वापरणाऱ्याने स्वतः बदलायचे. हेड ही भांडवली वस्तू न राहता शाईसारखीच संपणारी वस्तू झाली. दुरुस्तीवाल्याच्या फेऱ्या वाचल्या, हे खरे. आणि नियमित खरेदीच्या यादीत आणखी एक ओळ वाढली, हेही खरे.

दुसऱ्या घराण्यात चिनी यंत्रे. यांच्या मागे प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, झाकण उघडायचे आणि कॅनमधून शाई ओतायची. कुणाचीही शाई चालते. त्यामुळे यंत्र बनवणाऱ्या चिनी कारखान्याला शाईतून काही मिळत नाही, त्याला यंत्रातच नफा काढावा लागतो, आणि तोही फार नाही, कारण शेजारचा कारखाना तेच हेड लावून तेच यंत्र बनवत असतो. शाईचा नफा मग इथल्या विक्रेत्याकडे येतो. यंत्र आयात करणारा विक्रेता पुष्कळदा आपल्या नावाची शाईही विकतो. ती आपल्याकडूनच घेतली जावी म्हणून तो वॉरंटीची दोरी बांधतो: दुसऱ्याची शाई घातली तर हेडची जबाबदारी आमची नाही. यात तथ्य नाही असे नाही. दोन वेगळ्या शाया एकत्र झाल्या तर रंगाचे कण एकमेकांना चिकटतात, गाळ होतो, नोझल बुजतात आणि हेड कायमचा जातो. पण मूळ शाई पूर्ण काढून, हेड नीट धुऊन दुसरी चांगली शाई घातली तर यंत्र बंद पडत नाही, हेही विक्रेत्याला ठाऊक असते. कागदावर वॉरंटी बारा महिन्यांची असते, हेडचे कलम बारीक अक्षरात वगळलेले असते आणि ते बारीक अक्षर सही करताना कुणी वाचत नाही.

हा प्रश्न फक्त छपाईचा नाही. 1992मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कोडॅकविरुद्ध असाच खटला गाजला. कोडॅक आपल्या कॉपियर यंत्रांचे सुटे भाग स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना देत नव्हती. कोडॅकचे म्हणणे असे की कॉपियर विकताना आम्हाला भरपूर स्पर्धा आहे, मग दुरुस्तीत आम्ही मक्तेदारी कशी करू? गिऱ्हाईक दुसऱ्याचे यंत्र घेईल. न्यायालयाने हा बचाव सरसकट मान्य केला नाही. यंत्र घेताना पुढच्या सगळ्या खर्चाचा हिशेब करणे गिऱ्हाइकाला अवघड असते, आणि एकदा घेतल्यावर ते टाकून देणे परवडत नाही. म्हणून पहिल्या खरेदीच्या वेळी स्पर्धा असली तरी नंतर अडवणूक होऊ शकते, असा त्या निकालाचा रोख होता. भारतातही 2014मध्ये स्पर्धा आयोगाने मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड सुनावला तो याच विचाराने. फ्लेक्सवाला आयोगाकडे जात नाही. तो सरळ उघड्या टाकीचे यंत्र घेतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे. यंत्राची किंमत शेवटी विक्रेता ठरवत नाही, शेजारच्या दुकानाचा चौरस फुटाचा दर ठरवतो. हे कसे, ते एका मानलेल्या हिशेबाने पाहू. आकडे गावोगाव बदलतील, गणित तेच राहील.

समजा एकाने नऊ लाखांचे दहा फुटी यंत्र पाच वर्षांच्या कर्जावर 12 टक्के व्याजाने घेतले. महिन्याचा हप्ता साधारण 20 हजार. गाळ्याचे भाडे 15 हजार, ऑपरेटर आणि डिझायनर मिळून 35 हजार, वीज आणि देखभालीचे 10 हजार धरा. झाले 80 हजार. काम असो वा नसो, एवढे जाणारच. आता एक चौरस फूट छापायला कोरा फ्लेक्स साडेतीन रुपयांचा, शाई 50 पैशांची, नासाडी आणखी 50 पैशांची. म्हणजे साडेचार रुपये. तो आठ रुपयांनी विकला तर फुटामागे साडेतीन रुपये उरतात, आणि 80 हजार भागवायला महिन्याला सुमारे 23 हजार चौरस फूट छापावे लागतात. आकडा मोठा वाटतो. पण माहितीपत्रकातले ताशी दोनशे चौरस मीटरचे दावे बाजूला ठेवून यंत्राचा वेग ताशी 60 चौरस मीटर धरला, तरी ते काम 35-36 तासांत संपते. महिन्यात कामाचे तास दोनशेच्या वर. म्हणजे महिन्याचा खर्च निघाल्यावरही यंत्राचे ऐंशी टक्क्यांहून अधिक तास रिकामे.

हे रिकामे तासच दर पाडतात. समोरचा आठ रुपये सांगतो ना, मी सात घेतो. साडेचाराच्या वर जे मिळेल ते मिळेल, यंत्र नाहीतरी उभेच आहे. समोरचाही असाच विचार करतो. दर सहावर आला की खर्च भागवायला 53 हजार चौरस फूट लागतात. यंत्राला तेही सहज जमते, 80-85 तासांचे काम. प्रश्न एवढाच की गावात एवढे वाढदिवस आहेत का. फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्रांने 1883मध्ये म्हटले होते की अगदी सारखी वस्तू विकणारे दोनच विक्रेते असले, तरी एकमेकांचा भाव तोडत ते उत्पादन खर्चापर्यंत खाली येतील. त्यावर पुढे अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने आक्षेप घेतला: प्रत्येकाची उत्पादनाची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे सगळे गिऱ्हाईक एकाकडे जाऊ शकत नाही आणि भाव तळाला पोचत नाही. फ्लेक्सच्या धंद्यात एजवर्थचा आक्षेप लागूच पडत नाही. एकटे यंत्र अख्ख्या तालुक्याचे काम करून वर रिकामे राहू शकते, आणि तालुक्यात अशी चार-पाच यंत्रे असतात.

याच गणितात 25 लाखांचे बंद शाईचे, म्हणजे कंपनीचीच शाई लागणारे यंत्र बसवून पाहा. हप्ता 55 हजारांवर जातो, बाकी खर्च तोच. शाई फुटामागे तीन रुपये धरली तर एक चौरस फूट सात रुपयांना पडतो. आठच्या दरात एक रुपया सुटतो, म्हणजे 1 लाख 15 हजारांच्या आसपासचा महिन्याचा खर्च भागवायला 1 लाख 15 हजार चौरस फुटांच्या जवळपास जावे लागेल. आणि हे यंत्र छपाई बारीक करते म्हणून वेगही कमी. ताशी 20 चौरस मीटर धरले तर पाचशेहून अधिक तास. महिन्यात तेवढे कामाचे तास नाहीत. म्हणून जपानी किंवा अमेरिकी कंपनीचा प्रतिनिधी फ्लेक्सवाल्याकडे जातच नाही. गेला तर तो फ्लेक्सबद्दल बोलत नाही. गाडीवर चिकटवायचे विनाइल, भिंतीचा कागद, मॉलमधल्या दुकानांच्या पाट्या, जवळून बघायचे काम, वास येऊ नये असे इस्पितळातले काम, याबद्दल बोलतो. या मालाचा दर फुटाला काही पट जास्त असतो आणि गिऱ्हाईक रंगाच्या छटेवरून माल परत पाठवते. तिथे 25 लाखांचे यंत्र परवडते. गावाकडच्या चौकात, जिथे पोस्टर तीस फुटांवरून बघायचे आणि आठवड्यात उतरवायचे, तिथे ते आणणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

उलट बाजूनेही हीच साखळी फिरते. दर पडला की महाग यंत्र विकले जात नाही. स्वस्त यंत्र विकले गेले की आणखी दुकाने निघतात, दर आणखी पडतो, मग आणखी स्वस्त यंत्र लागते. 2015मध्ये मुद्रा योजना आली, दहा लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू लागले, आणि फ्लेक्सचे यंत्र त्या मर्यादेत नेमके बसत होते. गावातल्या होतकरू मुलाला रोजगार मिळावा हा हेतू चांगलाच. पण एकाच गावातल्या तिघांना तोच रोजगार मिळाला तर तिघेही एकमेकांचा दर पाडत बसतात. पूर्वी पत्र्याच्या पाट्या रंगवणारा पेंटर या स्पर्धेत आधीच बाहेर पडला होता. त्याचे अक्षर चांगले होते, पण त्याचा दर दिवसावर होता.

मोठ्या कंपन्यांनी खालून येणारा चिनी यंत्रांचा हा लोंढा वेळेत ओळखला का? 2000च्या दशकात त्यांचे लक्ष वर होते. इस्रायलची सायटेक्स व्हिजन, तिथलीच नूर मॅक्रोप्रिंटर्स आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची व्ह्यूटेक यांची अवाढव्य यंत्रे हेच तेव्हा जाहिरात छपाईचे शिखर होते. 2005मध्ये ईएफआय या कंपनीने व्ह्यूटेक 28 कोटी 10 लाख डॉलरना घेतली, त्याच वर्षी एचपीने सायटेक्स व्हिजन 23 कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले आणि 2008मध्ये नूरही गिळली. हे पैसे यंत्रांसाठी होते तसेच त्या यंत्रांत पुढे जाणाऱ्या शाईसाठीही होते. युरोप-अमेरिकेत तो हिशेब जमला. भारतात, आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत तोवर चिनी यंत्रांनी जागा घेतली होती. भारतीय निर्माताही आहे: नोएडाची कलरजेट 1995पासून या क्षेत्रात आहे. पण हेड तिलाही बाहेरूनच आणावा लागतो.

हेडचे महत्त्व किती, हे 2024मध्ये जपानमध्ये पुन्हा दिसले. हमामात्सूची रोलँड डीजी शेअर बाजारातून काढून घेण्यासाठी तैयो पॅसिफिक या गुंतवणूक संस्थेने व्यवस्थापनाच्या सहमतीने शेअरमागे 5,035 येनचा प्रस्ताव दिला. मध्येच नागोयाची ब्रदर ही कंपनी 5,200 येन घेऊन उभी राहिली. रोलँडच्या व्यवस्थापनाने जास्त पैसा नाकारला. ब्रदरच्या छत्राखाली गेल्यास फायद्याऐवजी तोटाच होईल, असे त्यांनी सांगितले. त्यात मुख्य भाग पुरवणाऱ्यांशी असलेले संबंध बिघडण्याची भीती होती. ब्रदर स्वतः प्रिंटर बनवते. तिच्या प्रतिस्पर्ध्याने तिच्याच मालकीच्या कंपनीला पूर्वीच्याच अटींवर हेड का द्यावेत? शेवटी तैयोने 5,370 येन देऊ केले आणि ब्रदरने माघार घेतली. यंत्रे विकणारी एवढी मोठी कंपनी, तीही हेड देणाऱ्याच्या मर्जीचा विचार करून आपला मालक निवडते.

दरम्यान बंद शाईच्या घराण्यातही थोडे नमते घेणे सुरू झाले. घरगुती प्रिंटरना लोक बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडून स्वस्त शाई वापरू लागले तेव्हा एप्सनने 2010मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला, आणि तो आज भारतातल्या झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसतो. त्यात यंत्र महाग, शाई स्वस्त. आवळा-कोहळ्याचा हिशेब बरोबर उलटा. रुंद यंत्रांतही मिमाकीने लहान काडतुसांऐवजी दोन लिटरच्या पिशव्यांची सोय दिली. शाईचा लिटरमागचा दर त्यामुळे उतरला, चिप मात्र गेली नाही.

सरकारी धोरणाचा हात या बाजारावर पडतो तो यंत्रापेक्षा मालावर. चिनी फ्लेक्सवर भारताने 2010नंतर अँटी-डंपिंग शुल्क लावले. यंत्र चीनचे, शाईही बरेचदा तिकडचीच, पण कोरा फ्लेक्स इथल्या कारखान्यांचा वाचवायचा होता. 1 जुलै 2022पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आली. चौकातला फ्लेक्स बहुधा त्याहून जाड असतो, त्यामुळे बंदीची बातमी मोठी झाली आणि धंदा होता तसा चालू राहिला. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने कितीदा ताशेरे ओढले याची गणती अवघड आहे. 13 मे 2024ला घाटकोपरचा महाकाय फलक कोसळून 17 माणसे गेल्यावर मोठ्या फलकांच्या मापाची आणि परवान्यांची खरी तपासणी सुरू झाली. पण पाच फूट बाय तीन फुटांच्या, विजेच्या खांबाला तारेने बांधलेल्या शुभेच्छांना कुठला परवाना?

यंत्र घ्यायला निघालेल्याने या सगळ्यातून किंमत कशी वाचायची? कोटेशनचा आकडा बाजूला ठेवून चार गोष्टी लेखी मागाव्यात असे या धंद्यातले जुने लोक सांगतात. हेड नवा आहे की धुऊन बसवलेला, आणि त्याचा क्रमांक काय. हेड गेला तर बदलीची किंमत आजच्या तारखेला किती. आपल्याच फाइलचा, आपल्या नेहमीच्या पासवर (एकाच पट्ट्यावरून हेडच्या जितक्या फेऱ्या, तितके पास) काढलेला नमुना आणि त्याला लागलेला वेळ. विक्रेत्याची फाइल फिकट रंगांची असते, त्यात शाई कमी जाते. आणि दुरुस्तीवाला नाशिकहून येणार की दिल्लीहून. दिवाळीच्या आठवड्यात यंत्र तीन दिवस बंद राहिले तर घासाघीस करून वाचवलेले 20 हजार त्यातच जातात. मुंबई-दिल्लीतल्या मीडिया एक्स्पोमध्ये 'फक्त प्रदर्शनापुरती' सूट जाहीर होते. ती प्रदर्शनानंतरच्या आठवड्यातही मिळते, फक्त मागावी लागते. 18 टक्के जीएसटी धरून की सोडून, हे विचारल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना करू नये. कर परत मिळणाऱ्याला तो खर्च नाही, तो परत न मिळणाऱ्या, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला पूर्ण आहे.

जुने यंत्र विकायला काढले की किमतीचा उरलेला बुरखाही गळतो. घेणारा आधी नोझल चेकचा कागद काढायला सांगतो. आडव्या रेषा सलग आल्या तर भाव; तुटक आल्या तर हेड वजा करून जे उरेल ते, म्हणजे जवळपास लोखंड. चांगला हेड असेल तर तो काढून वेगळा विकण्यात जास्त पैसे मिळतात. पाच वर्षांत यंत्राची किंमत पुन्हा हेडवर येऊन थांबते.

फ्लेक्सचा दर फारसा वर येण्याची चिन्हे नसल्याने विक्रेते आता दुसऱ्या यंत्रांकडे वळले आहेत. काचेवर, लाकडावर, मोबाइलच्या कव्हरवर छापणारी यूव्ही यंत्रे आणि टीशर्टसाठी फिल्मवर छापणारी डीटीएफ यंत्रे. डीटीएफमध्ये हेड तेच, एक्सपी600 आणि आय3200. कार्डे तीच, विक्रेतेही बव्हंशी तेच. सुरुवातीला टीशर्टमागे चांगला नफा सुटत होता, कारण गावात यंत्र एकच होते. आता फिल्मच्या छपाईचा भाव मीटरवर सांगतात, आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत कोण किती कमी घेतो याची चौकशी सुरू झाली आहे. यंत्राची किंमत विचारली तर उत्तर अजून जुनेच येते: नंबर द्या, फोनवर सांगतो.